चारचौघं

मंडळी, एक जुनी गोष्ट सांगतो. १९९४ सालची. मी तेव्हा आठवीत होतो. गाव नागरा, शाळा गोंदियाला. अंतर फार नाही, चार-पाच किलोमीटर. एरवी सायकलनं जायचो, पण त्या दिवशी सायकल पंक्चर झाली म्हणून येताना बालाघाट रोडनं जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. जीप खच्चून भरलेली. आमच्या गावाला उतरणारा मी एकटाच. फक्त एक शब्द म्हणायचा होता, "थांबवा". गोंदिया सोडल्यापासून तो शब्द मी मनातल्या मनात घोकत होतो. "थांबवा" म्हणावं की "थांबवा जी", की सरळ "रोको" (ड्रायव्हर हिंदीत बोलत होता), आवाज केवढा काढावा, पहिल्यांदा ऐकू गेलं नाही तर पुन्हा म्हणावं का... एवढा विचार होईपर्यंत गाव मागे गेलं! पुढं कुठंतरी दोन बाया उतरल्या. त्यांच्या मागोमाग मीही उतरलो, जसं काही मला तिथंच उतरायचं होतं. आणि मग धानाच्या बांध्यांच्या कडेकडेनं पाऊण तास चालत परत आलो. मायनं विचारलं, "काऊन रे, उशीर झाला?" मी म्हटलं, "सायकल पंक्चर झाली." (हे अर्धंच खरं होतं.)

तुमच्यातले काही जण हसतील. हसायला हरकत नाही, आता मलाही हसू येतं. पण तुमच्यातले काही जण हसणार नाहीत, कारण तेही कधीतरी असेच पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आलेले असतील. हा लेख खरं तर त्यांच्यासाठी.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा विद्यार्थीही नाही. इतिहास वाचायची आवड आहे एवढंच. आणि वाचता वाचता लक्षात आलं की राजेरजवाडे, लढाया, तह ह्यांचा जसा इतिहास असतो, तसा ह्या भीतीचाही आहे. तिला नाव केव्हा मिळालं, कुणी दिलं, आपल्याकडच्या कुणाकुणाला ती होती, हे सगळं शोधता येतं. तर आज तेच.

आधी शब्द बघा. मराठीत ह्या प्रकाराला शब्दांचा तोटा नाही. लाजाळू, बुजरा, भिडस्त, संकोची, मुखदुर्बळ. उलट बाजूला 'सभाधीट'. म्हणजे सभेत बोलायला धीटपणा लागतो हे आपल्या भाषेनं कधीच ओळखलेलं आहे. म्हणी पण आहेत, 'भीड भिकेची बहीण' वगैरे. पण मला सगळ्यात नेमका वाटतो तो शब्द म्हणजे 'चारचौघं'. चारचौघांत असं बोलू नये, चारचौघांत हसं होईल, चारचौघं काय म्हणतील! हे चौघं नेमके कोण, कुठं राहतात, कुणी कधी पाहिलेत? मी तरी नाही. पण जीपमध्ये त्या दिवशी ते माझ्या शेजारीच बसलेले होते.

ही भीती नवीन नाही. रॉबर्ट बर्टन नावाच्या इंग्रज लेखकानं १६२१ साली उदासीनतेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात हिप्पोक्रेटिसचा हवाला देऊन एका माणसाचं वर्णन आहे. तो लोकांत यायला धजत नाही, आपल्या हातून काही वेडंवाकडं घडेल, आपला अपमान होईल, सगळे आपल्याकडंच बघताहेत असं त्याला वाटत राहतं. चारशे वर्षांपूर्वीचं वर्णन, आणि जीपमधल्या मला तंतोतंत लागू!

पुढं १८७२ साली डार्विननं माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर कशा उमटतात ह्यावर पुस्तक लिहिलं. त्यात एक अख्खं प्रकरण लाजेनं लाल होण्यावर आहे. त्यासाठी त्यानं जगभरच्या ओळखीच्या लोकांना पत्रं पाठवून विचारलं होतं की तुमच्याकडची माणसं लाजतात का, लाजली की चेहऱ्यावर दिसतं का. त्याचा निष्कर्ष मला फार आवडतो. नुसता स्वतःचा विचार केला म्हणून माणूस लाल होत नाही. दुसरे आपल्याबद्दल काय विचार करत असतील हा विचार केला की होतो. म्हणजे पुन्हा चारचौघंच.

१९०३ साली पिअर जाने ह्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं लोकांसमोर बोलण्याच्या, वाद्य वाजवण्याच्या, लिहिण्याच्या भीतीला एकत्र करून 'सामाजिक प्रसंगांची भीती' असं नाव दिलं. जपानमध्ये शोमा मोरिता ह्या डॉक्टरांनी पुढच्या काही वर्षांत अशा रुग्णांवर स्वतःची उपचारपद्धती उभी केली. तिथल्या भीतीचा एक प्रकार वेगळाच आहे. माझं हसं होईल ह्यापेक्षा माझ्यामुळं समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, ह्याची भीती. आपल्याकडच्या 'भीड' ह्या शब्दात मला तो अर्थ थोडासा दिसतो. समोरच्याला त्रास नको म्हणून आपण गप्प.

१९६० च्या दशकात लंडनला आयझॅक मार्क्स ह्यांनी ह्या भीतीला इतर भीतींपासून (उंचीची, प्राण्यांची, गर्दीत अडकण्याची) वेगळं काढलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत ती आली १९८० साली. तरीही १९८५ मध्ये मायकेल लीबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लिहावं लागलं की हा दुर्लक्षित राहिलेला आजार आहे. दुर्लक्षित राहणारच ना! ज्याला चार लोकांत तोंड उघडता येत नाही, तो दवाखान्यात जाऊन "मला बोलायची भीती वाटते" हे बोलणार कसा?

असो. हे झालं बाहेरचं. आता आपल्या मातीतलं बघू.

१८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन एक तरुण परत आला आणि त्यानं मुंबईत वकिली सुरू करायचा प्रयत्न केला. स्मॉल कॉज कोर्टात पहिलं प्रकरण मिळालं, ममीबाई नावाच्या बाईचं. फी तीस रुपये. साक्षीदाराला उलटे प्रश्न विचारायला तो उभा राहिला आणि त्याला कोर्ट गरगर फिरल्यासारखं वाटायला लागलं. एकही प्रश्न सुचेना. तो खाली बसला, प्रकरण दुसऱ्या वकिलाला द्या म्हणाला आणि कोर्टातून निघून गेला. दुसऱ्या वकिलानं एक्कावन्न रुपये घेतले. हा तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. लंडनला शाकाहारी मंडळाच्या कमिटीतही त्यांची हीच गत. एकदा मत मांडायचं होतं, ते कागदावर लिहून नेलं, आणि शेवटी तेही दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं. हे सगळं त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिलंय, काही न लपवता. पुढं दक्षिण आफ्रिकेत १८९३ साली प्रिटोरियाला हिंदी लोकांच्या सभेत त्यांनी आयुष्यातलं पहिलं म्हणता येईल असं भाषण केलं. मुंबईच्या कोर्टात आणि प्रिटोरियाच्या सभेत फरक काय होता? मला वाटतं, कोर्टात प्रश्न होता 'मी कसा दिसेन', आणि प्रिटोरियात प्रश्न होता 'ह्या लोकांचं काय होणार'. हा माझा अंदाज, चूकही असेल. पण पुढं उपयोगी पडेल म्हणून लक्षात ठेवा.

दुसरे धोंडो केशव कर्वे. जन्म १८५८, गाव कोकणातलं मुरूड. शाळकरी वयात परीक्षेसाठी मुरुडाहून साताऱ्यापर्यंत डोंगर-घाट तुडवत पायी गेले. शंभराहून जास्त मैल! आणि तिथं पोचल्यावर परीक्षकांनी वयानं लहान दिसतोस म्हणून बसूच दिलं नाही. वाद घालणं, अडून बसणं हे त्या मुलाच्या स्वभावातच नव्हतं. आपण संकोची आहोत, वक्ते नाही, हे कर्व्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. आणि ह्याच माणसानं १८९३ साली विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं, आणि त्या सगळ्यासाठी दारोदार जाऊन वर्गणी मागितली. सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, आफ्रिका फिरून आले. ज्याला चार माणसांत बोलायला जड जातं, त्यानं अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून पैसे मागायचे, हे किती अवघड, ते फक्त बुजऱ्या माणसालाच कळेल. आपण कर्व्यांचं धैर्य मोजतो ते समाजाच्या विरोधाशी. मला वाटतं त्यातलं निम्मं धैर्य प्रत्येक दाराची कडी वाजवताना लागलं असणार.

पण थांबा. इथं एक गोष्ट सांगितली नाही तर हा इतिहास अर्धवट राहील. सगळाच गप्पपणा मनातून येत नाही. काही माणसांना गप्प बसवलेलं असतं. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी पाक्षिक काढलं, त्याचं नावच 'मूकनायक'. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. ज्यांनी कुठं बसावं, कुठं उभं राहावं, कुणासमोर किती आवाजात बोलावं हे हजारो वर्षं दुसऱ्यांनी ठरवलं, त्यांना 'लाजाळू' म्हणणं म्हणजे क्रूर थट्टा आहे. त्यांच्यासमोरचे चारचौघं काल्पनिक नव्हते. ते खरे होते, आणि त्यांच्या हातात काठी होती. (जाता जाता, १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे होते आणि हरले. आमचं गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली.)

म्हणून कुणी गप्प दिसलं की दोन प्रश्न विचारायला हवेत. ह्याला भीती वाटते का? आणि, ह्याला भीती कुणी घातली?

माझ्यापुरतं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. त्याच आठवीच्या वर्षी मराठीच्या तासाला मला उभं करून धडा वाचायला सांगितला. आता आमच्या झाडीबोलीची एक खोड आहे. तिच्यात 'ळ' चा 'र' होतो आणि 'ण' चा 'न'. डोळा म्हणजे डोरा, पाणी म्हणजे पानी. गावात सगळेच असं बोलायचे, त्यामुळं ह्यात काही चुकतंय हे मला माहीतच नव्हतं. मी आपला खड्या आवाजात वाचत सुटलो, "शारेच्या मागे कारी गाय..." सगळा वर्ग हसला. सरांना पण हसू आवरलं नाही. (त्यांना दोष देत नाही, ते वाईट नव्हते.) मी वाचत होतो ते तिथंच थांबलं. आणि पुढं कितीतरी वर्षं थांबलेलंच राहिलं.

आमच्या भागाचा हा एक वेगळाच पेच आहे. १९५६ पर्यंत आम्ही आणि बालाघाट एकाच राज्यात, जुन्या मध्य प्रदेशात. मग विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. सीमा आखली गेली, पण बाजार तोच, सोयरिकी त्याच. घरात एक बोली, बाजारात हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी. नागपूरच्या पुढं गेलो की आमची मराठी हिंदीसारखी वाटते म्हणून लोक हसतात, आणि रायपूरकडं गेलो की आमची हिंदी मराठीसारखी वाटते म्हणून हसतात! तीन भाषा येतात, पण तिन्हीत चुकायची धास्ती.

मग मी काय केलं? 'ळ' टाळायला लागलो. गंमत नाही, खरंच. 'फळ' म्हणायची पाळी आली की 'आंबा' म्हणायचो. 'वेळ' ऐवजी 'टाइम'. 'सकाळी' ऐवजी 'आठ वाजता'. एका वाक्यात 'ळ' किंवा 'ण' येणार असं दिसलं की वाक्यच बदलायचो, नाही जमलं तर गिळायचो. बरं, 'टाळणं' ह्या शब्दातच 'ळ' पण आहे आणि 'ण' पण! आणि लाजाळू, मुखदुर्बळ, दोन्हीत 'ळ'. म्हणजे मला काय होतंय हे सांगायची सुद्धा सोय नाही!

पुढं कळलं की शास्त्रात ह्याला नाव आहे, 'बचावाच्या खटपटी' म्हणू या. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स ह्या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली ही भीती आतून कशी चालते त्याचा आराखडा मांडला. थोडक्यात असा : चार लोकांत गेलं की ह्या माणसाचं लक्ष बाहेर राहत नाही, आत वळतं. माझा आवाज कापतोय का, हाताला घाम आलाय का, तोंड लाल झालंय का. मग आतून जाणवतं त्यावरून तो स्वतःचं एक चित्र तयार करतो आणि धरून चालतो की लोकांना पण मी असाच दिसतोय. मग बचावाच्या खटपटी. वाक्यं आधी घोकणं, खाली बघणं, हात खिशात घालणं, कोपऱ्यातली खुर्ची धरणं. (किंवा 'ळ' टाळणं!) ह्या खटपटींचा तोटा असा की काही वाईट घडलं नाही तरी माणूस म्हणतो, खटपट केली म्हणून वाचलो. भीती खोटी होती हे त्याला कधी कळतच नाही. आणि घरी गेल्यावर शेवटचा अंक, रात्रभर रवंथ. मी असं का म्हटलो, तो हसला तो मलाच का.

आणि खरंच लोक एवढं बघतात का? २००० साली अमेरिकेत थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक मजेशीर प्रयोग केला. कॉलेजच्या मुलांना ओशाळं वाटेल अशा चित्राचा टी-शर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. मग विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात चौथा हिस्साही जेमतेम भरला. म्हणजे चारचौघांतला साधारण एकच तुमच्याकडं बघत असतो. उरलेले तिघं बहुधा आपापल्या चारचौघांच्या काळजीत!

हे सगळं वाचायला गमतीचं आहे. पण ह्या भीतीची किंमत काय असते ते आता सांगतो. ही गोष्ट मी आजवर कुठं लिहिलेली नाही.

२००७ चा जुलै. मायला बीपी निघाला होता. मी तिला घेऊन शहरातल्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठी लिहिली, भराभर काहीतरी सांगितलं. बाहेर पन्नास माणसं बसलेली. पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं, तो दारातून आत आलासुद्धा. चिठ्ठीवर गोळीच्या पुढं काहीतरी खूण होती. ती एक होती की अर्धा, मला कळलं नाही. प्रश्न जिभेवर आला होता. "अर्धी की अख्खी?" तीन शब्द. पण मागचा माणूस उभा, डॉक्टरांची मान खाली, आणि मी एकतिसाव्याऐवजी बत्तिसावा सेकंद घेतला तर... काय झालं असतं? काहीच नाही. पण मी उठलो. औषधाच्या दुकानातही गर्दी होती, तिथंही विचारलं नाही. मनाशी म्हटलं, अख्खीच असेल.

ती अर्धी होती. चौथ्या दिवशी पहाटे माय अंगणात उठून गेली, तिला अंधारी आली आणि ती पडली. उजव्या हाताचं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. ऐन रोवणीचे दिवस. जन्मात पहिल्यांदा ती धुऱ्यावर बसून राहिली आणि दुसऱ्या बायांना पऱ्हे लावताना बघत राहिली. मी तिला काहीच सांगितलं नाही. म्हटलं, गोळी सोसली नाही.

जीपमध्ये गप्प बसलो तेव्हा माझे पाय दुखले होते. इथं दुसऱ्याचा हात मोडला.

त्यानंतर मी शोधायला लागलो आणि अल्बर्ट एलिस ह्या माणसाची ओळख झाली. जन्म १९१३, न्यूयॉर्कमध्ये वाढला. तरुणपणी भाषणाची आणि मुलींशी बोलण्याची त्याला भयंकर भीती. एकोणिसाव्या वर्षी त्यानं ठरवलं की महिनाभर ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. १३० जणींजवळ तो गेला. तीस उठून गेल्या. उरलेल्या शंभरांशी बोलला. एक जण पुन्हा भेटायला तयार झाली, ती पण आली नाही! म्हणजे हिशेबानं सपशेल नापास. पण त्याला कळलं की शंभर नकारांनंतरही आपण जिवंत आहोत, कुणी पोलिसांना बोलावलं नाही. आणि भीती गेली होती. पुढं १९५५ साली त्यानं स्वतःची उपचारपद्धती मांडली, मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. आपल्याकडं ती रुजवली मुंबईच्या किशोर फडके ह्यांनी. त्यांचा एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी १९९० साली सुरू केलेल्या संस्थेतूनही हे विचार मराठी घरांत पोचले.

एलिसचं म्हणणं साधं आहे. 'लोकांनी मला चांगलं म्हटलं तर बरं' हा विचार ठीक. 'म्हटलंच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल' हा विचार घातक. 'बरं' आणि 'पाहिजे' ह्यांच्यातलं अंतर म्हणजेच ती भीती.

मी उद्यानाऐवजी गोंदियाचं स्टेशन आणि बाजार निवडला. रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न. बालाघाटची गाडी कुठं लागते, तांदूळ काय भाव, ही बस तिरोड्याला जाते का. उत्तर माहीत असलं तरी विचारायचं. शंभर प्रश्नांची वही केली. पहिल्या दहांना घशाला कोरड पडली. एकानं सुनावलं, "दिखता नहीं क्या, बोर्ड लगा है!" त्या रात्री झोप आली नाही. पण तिसाव्या-चाळिसाव्याच्या आसपास कधीतरी लक्षात आलं की आज मी वाक्य घोकलंच नाही. शंभरातल्या नव्वदावर लोकांनी सरळ उत्तर दिलं. काही जण तर सोबत चालत येऊन दाखवून गेले.

लाजाळूचं झाड आठवतं ना? आम्ही लहानपणी बांध्यांच्या कडेला हात लावून मिटवत बसायचो. ते झाड मूळचं आपलं नाही, उष्ण अमेरिकेतलं आहे. २०१४ साली मोनिका गाग्लियानो ह्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लाजाळूच्या कुंड्या थोड्याशा उंचीवरून पुन्हा पुन्हा खाली सोडल्या. आधी पानं मिटली. मग आपल्याला काही इजा होत नाही असं दिसल्यावर झाड पानं मिटेनासं झालं, आणि महिनाभरानंतरही ते त्याच्या 'लक्षात' होतं. झाडाला जमतं, तर आपल्याला का नाही? पण एक आहे, कुंडी थोड्याच उंचीवरून सोडायची. एकदम गच्चीवरून नाही! कुणाला ढकलून स्टेजवर उभं करणं म्हणजे उपचार नव्हे.

आणि हेही सांगायला हवं की प्रत्येक लाजाळू माणूस आजारी नसतो. सत्तरच्या दशकात फिलिप झिंबार्डो ह्यांनी अमेरिकेत पाहणी केली तेव्हा चाळीस टक्के लोकांनी स्वतःला लाजाळू म्हटलं होतं. कमी बोलणं हा स्वभाव आहे, असू द्या. पण भीतीमुळं शिक्षण सुटत असेल, नोकरी नाकारली जात असेल, दुखणं अंगावर काढलं जात असेल आणि हे महिनोन्महिने चालू असेल, तर तो स्वभाव नाही, त्रास आहे. त्याला बोलून करायचे उपचार आहेत, गरज पडली तर औषधं आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. (फोन करायचीच भीती वाटते? मग आधी वाक्य कागदावर लिहून घ्या आणि ते वाचून दाखवा. गांधीजींनी लिहून नेलेलं तर दुसऱ्यानं वाचलं होतं.)

शेवटचं. काही वर्षांनी, महाशिवरात्रीला, आमच्या नागऱ्याच्या महादेवाच्या जत्रेतून परत येताना मी मायला त्या गोळीचं खरं सांगून टाकलं. देवळापासून घरापर्यंत धीर गोळा करत होतो. वाटलं, रागावेल, रडेल. ती थोडा वेळ गप्प चालली. मग म्हणाली, "अरे, मले पन विचाराचा होता. पन डाक्टर मोठा मानूस, का म्हनंल, म्हनून गप बसलो."

म्हणजे त्या खोलीत आम्ही दोघं होतो, दोघांच्या जिभेवर एकच प्रश्न होता, आणि दोघंही गप्प बसलो. माझ्या गप्पपणाचा इतिहास आठवीच्या वर्गापर्यंत जातो. तिच्या गप्पपणाचा कुठपर्यंत जात असेल, मोठ्या माणसांसमोर मान खाली घालून उभ्या राहिलेल्या किती बायांपर्यंत, ते मी मोजू शकत नाही.

आता आम्ही दवाखान्यात जाताना घरूनच प्रश्न कागदावर लिहून नेतो. ते विचारायचं काम मायचं. तिचा आवाज अजूनही कापतो. 'गोळी' ला ती 'गोरी' म्हणते. परवा डॉक्टर हसले, आणि मग नीट समजावून सांगितलं.

असो. आज इतकंच.